फावल्या वेळाचा इतिहास : फुटबॉलच्या गप्पांच्या निमित्ताने

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला मनुष्य किमान वेतनावर किंवा संपाच्या हक्कावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘फुटबॉलच्या गप्पा’ असे सांगताच ते क्षणभर थबकले. त्यांचे थबकणे गैर नव्हते. राजे, तह आणि लढाया यांचे कागद दप्तरांत जपून ठेवलेले असतात. गप्पांचे कागद नसतात. चहाचे पेले विसळले की त्या पाण्याबरोबर गप्पाही वाहून जातात. परंतु आमची तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांपुढे गेली आहेत, आणि फाटकापुढे तासन्‌तास उभे राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट हळूहळू उमगते. लोक काय बोलतात हे महत्त्वाचे आहेच. पण त्यांना बोलायला वेळ केव्हा मिळतो आणि तो वेळ कोणी मिळवून दिला, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आजचे आमचे बोलणे या प्रश्नाबद्दल आहे. फुटबॉल हे निमित्त.

२२ नोव्हेंबर २०२२ ची दुपार आठवा. कतारमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू होती. अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा सामना आपल्या घड्याळाप्रमाणे साडेतीन वाजता सुरू झाला, आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुटण्याची वेळही जवळपास तीच. फाटकासमोरच्या टपरीवर बिस्किटांच्या बरणीला टेकवून कोणीतरी आपला मोबाइल उभा केला होता, आणि त्या चार बोटे रुंदीच्या काचेपुढे पंधरा-वीस माणसे डबे हातात धरून उभी होती. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर अर्जेंटिनाने तीन वेळा चेंडू जाळ्यात मारला आणि तिन्ही वेळा तो गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. “ही ऑफसाइडची भानगड काय आहे?” असे एका नव्या पोराने विचारले. तेव्हा वेल्डिंगच्या खात्यातल्या एका माणसाने बाकड्यावर चहाचे पेले मांडले. दोन पेले बचावपटू, एक पेला गोलरक्षक, साखरेचा चमचा मेस्सी. चमचा पेल्यांच्या पुढे सरकवून त्याने नियम असा समजावला की कोणत्याही मास्तराने धडा घ्यावा. उत्तरार्धात पाच मिनिटांत सौदीने दोन गोल केले आणि सामना २–१ असा जिंकला. ज्यांनी अर्जेंटिनावर जीव लावला होता ते हळहळले. इतर काहींना, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती तो संघ जिंकला म्हणून आनंद झाला. त्या दिवशी पहिल्या पाळीतले कित्येक जण दोन तास उशिरा घरी पोचले.

आता यावर एक ठरलेला आक्षेप आहे. भारत विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत आजवर एकदाही खेळलेला नाही. मग बीडहून, जालन्याहून, बिहारमधून पोटासाठी आलेल्या माणसांनी अर्जेंटिना हरला म्हणून उसासे का टाकावेत? हे रिकामटेकडेपण नव्हे काय? हा आक्षेप आम्हीही पूर्वी मोठ्या आवेशाने घेत असू. तो आम्ही का सोडला, हे सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

फुटबॉल हा चेंडूचा खेळ जुना. पण आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे नियम १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली त्यानंतर ठरले. आरंभी तो बड्या घरच्या, बड्या शाळांतल्या मुलांचा खेळ होता, कारण खेळायला लागतो तो वेळ त्यांच्यापाशीच होता. परंतु तेरा वर्षे आधी, १८५० च्या कारखाना कायद्याने, कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबविले होते, आणि त्यांचे काम थांबले की यंत्रे थांबत आणि पुरुषही सुटत. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याची इंग्रजांची चाल या अर्ध्या सुटीतून रूढ झाली. १८८३ साली इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्स या जुन्या सरदारी शाळेच्या संघाला २–१ असे हरविले. विजयी संघात विणकर, सूत कातणारे, नळकाम करणारा, लोखंडाच्या ओतशाळेतला मजूर अशी माणसे होती, आणि जादा वेळेतला निर्णायक गोल एका सूतगिरणीच्या कामगाराने केला. अर्धा शनिवार मिळाल्यापासून तेहतीस वर्षांत खेळ एका वर्गाच्या हातून दुसऱ्या वर्गाच्या पायांत आला.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते? गिरणीचा भोंगा सूर्योदयाला वाजे आणि काम सूर्यास्ताला थांबे. आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. सणावाराला यंत्रे बंद राहतील तेवढीच उसंत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांच्या मागण्या पाहा : दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरल्या तारखेपर्यंत, आणि कामावर दुखापत झाली तर भरपाई. पगारवाढ त्यात नव्हती. वेळ सर्वांत आधी होता. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी दहा हजार कामगारांची सभा भरविली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीवर सरकारी शिक्का बसला.

योगायोग असा की, ज्या १८९१ साली हा कायदा झाला त्याच साली मुंबईत रोव्हर्स चषकाची पहिली फुटबॉल स्पर्धा खेळली गेली. ती गोऱ्या पलटणींची होती; पहिला चषक वुस्टर रेजिमेंटने नेला, आणि हिंदी लोकांच्या संघाला तो जिंकायला १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो मिळविला. एका गोष्टीमुळे दुसरी घडली असे आम्ही म्हणत नाही. पण मैदानाच्या कडेला उभे राहून सामना पाहणारा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणारा माणूस हा रविवार मिळाल्यावरच जन्माला येऊ शकतो, हे मात्र आम्ही ठामपणे म्हणतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपले छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथल्या तरुणांनी मुंबईच्या कूपरेज मैदानाकडे पाहावे, त्याआधी त्यांची नजर हैदराबादकडे जाई. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. यातली गंमत ध्यानात घ्या. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त होईपर्यंत निजामाच्या पोलिसांचे नाव काढले की आपल्याकडे लोकांच्या अंगावर काटा येई; सत्याग्रहींच्या पाठीवरचे वळ अजून ओले होते. आणि दोन-चार वर्षांतच त्याच खात्याच्या नावाने खेळणारा संघ मुंबईत जाऊन भल्याभल्यांना हरवू लागला, तेव्हा त्याच लोकांना ‘आपला हैदराबादचा संघ’ म्हणावेसे वाटू लागले. आमच्या तरुणपणी आम्ही शहागंजातल्या आणि गुलमंडीवरच्या वृद्धांच्या तोंडून हे ऐकले आहे. कोणी उर्दूत सांगे, कोणी मराठीत, आणि बहुतेक दोन्ही मिसळून. खेळाने जुने वैर मिटते असले गोड विधान आम्ही करणार नाही. पण त्या गप्पांत माणसे खात्याचा गणवेश विसरून पायांतले कसब पाहत होती, एवढे खरे.

या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. ज्या विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल १९३८ साली मराठवाड्याची मुले काढली गेली, त्याच विद्यापीठातून हा माणूस बाहेर पडला. पुढे रहीमसाहेब भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून तो मुंबईत खेळे. संघात हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकार आणि तुलसीदास बलराम होते. म्हणजे पाहा, महिन्यापूर्वी जे आपल्या राज्यातले होते ते खेळाडू आणि ज्या राज्यात आपण नुकतेच आलो होतो तिथला खेळाडू, असे दोघे मिळून एका अंगरख्यात खेळत होते. औरंगाबादच्या माणसाला अशा वेळी कोणाला आपले म्हणावे हा प्रश्नच पडला नसेल.

उपांत्य सामन्यातही डिसोझाने पहिला गोल करून भारताला पुढे नेले. पण युगोस्लाव्हियाने सामना ४–१ असा घेतला, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३–० असे हरविले आणि भारत चौथा राहिला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपल्याला पुढे चाल मिळाली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीसुद्धा ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा आशियातला तो पहिला संघ. पुढे १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, प्रतिकूल प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात, रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. तेव्हा ते कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

आमच्या टपरीवर हा इतिहास कोणाला ठाऊक असतो? फार थोड्यांना. २०२४ साली त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कित्येकांनी हे नाव प्रथम ऐकले. उलट एक गोष्ट मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असते : १९५० साली भारत ब्राझीलच्या विश्वचषकास गेला नाही, कारण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि बुटांशिवाय खेळू द्यायला मनाई होती. ऐकायला ही गोष्ट मोठी करुण आहे आणि म्हणूनच ती टिकली. त्यातला अनवाणीपणा खोटा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू पायांना पट्ट्या बांधून खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या २–१ ने हरले. त्यात दोन पेनल्टी हुकल्या. परंतु १९५० ला न जाण्याचे खरे कारण बूट नव्हते. गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला प्रवेश मिळाला होता आणि यजमान ब्राझील प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होता. दूरचा समुद्रप्रवास, सरावाची कमतरता, आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठे ही तेव्हाची समजूत, यांमुळे फुटबॉल महासंघाने न जाण्याचे ठरविले. त्या वेळचे नामवंत बचावपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे बुटांची गोष्ट खरी नसल्याचे सांगितले.

आम्हांला यात एक परिचित रीत दिसते. कारखाना बंद पडला की लोक म्हणतात, कामगार आळशी होते. खरा निर्णय कोठल्या तरी टेबलावर झालेला असतो. १९५० सालचा निकालही खेळाडूंच्या पायांनी लागला नाही, पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर लागला. गप्पा स्मरण ठेवतात, पण कधी कधी दोष भलत्याच पायांत बांधतात. म्हणून गप्पांना इतिहासाची जोड हवी.

परदेशातले सामने डोळ्यांनी पाहण्याची सोय आपल्याकडे आली ती दूरदर्शनमुळे. १९८६ साली मेक्सिकोत स्पर्धा झाली तेव्हा आम्ही सोळा-सतरा वर्षांचे होतो. आमच्या वस्तीत टीव्ही एकाच घरी होता. २२ जूनचा अर्जेंटिना–इंग्लंड सामना मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. त्या घरच्या मावशींनी चाळीस माणसांना ओसरीवर बसू दिले आणि स्वतः आत जाऊन निजल्या. मध्यरात्र उलटल्यावर मॅराडोनाने चार मिनिटांत दोन गोल केले. पहिला हाताने, दुसरा अर्ध्या मैदानातून पाच-सहा इंग्रजांना चकवून. पहिला लबाडीचा, दुसरा अलौकिक, आणि दोन्ही एकाच माणसाचे. यावर आमच्या वस्तीत कित्येक महिने वाद चालला. “ज्यांनी दीडशे वर्षे आपल्याला लुटले त्यांना एकदा हात दाखवला तर बिघडले काय?” असे एक पक्ष म्हणे, “चोरी ती चोरीच,” असे दुसरा. न्याय म्हणजे काय, दुर्बळाला लबाडीची मुभा असते का, पंचाने पाहिले नाही तर गुन्हा घडला म्हणायचे का, हे प्रश्न आम्ही पुस्तकांतून पुष्कळ उशिरा वाचले. आधी ते त्या ओसरीवर ऐकले.

आणि तरीही, संघटनेच्या कामात पडल्यावर आम्हीच या गप्पांचे वैरी झालो. सभेला माणसे बोलवावीत तर ती सामन्याची चर्चा करीत बसलेली; पत्रक वाटावे तर त्यावर गटांचे कोष्टक मांडलेले. आमची खूणगाठ सोडविली ती २००२ सालच्या एका प्रसंगाने. ती स्पर्धा जपान व कोरियात होती, त्यामुळे सामने आपल्याकडे भर दिवसा येत. २१ जून, शुक्रवार. इंग्लंड आणि ब्राझील यांचा उपउपांत्य सामना दुपारी बाराला सुरू झाला. वाळूजच्या एका कारखान्यात जेवणाची सुटी साडेबारा ते एक. मध्यंतराला १–१ अशी बरोबरी होती. टपरीवरच्या टीव्हीपुढे बसलेले सात कामगार एक वाजता उठले नाहीत. एक वाजून सात-आठ मिनिटांनी रोनाल्डिन्योने चाळीस यार्डांवरून मारलेला चेंडू इंग्लंडच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात पडला आणि सातही जण धावत आत गेले. त्यांना दहा मिनिटे उशीर झाला होता. व्यवस्थापनाने अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही त्यांनाच झापले. दहा मिनिटांच्या खेळापायी पोराबाळांचे पैसे घालविता, असे बरेच काही बोललो. त्यांतला एक वयाने मोठा होता. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, दहा मिनिटं आमची चुकली. दहा मिनिटांचे कापा म्हणावं. बाकीचे साडेतीन तास कुणाचे गेले?”

आम्ही घरी जाऊन कायदा उघडला. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, गैरहजेरीची कपात ही गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच असली पाहिजे. त्याच कलमात पुढे असेही होते की, दहा किंवा अधिक कामगार संगनमताने सूचनेशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. सात होते म्हणून बरे. आणखी तिघे ब्राझीलचे चाहते असते तर प्रकरण अवघड झाले असते! आम्ही कलम पुढे ठेवले. दोन बैठका झाल्या आणि कपात दहा मिनिटांवर आली. रक्कम क्षुल्लक होती. पण इतकी वर्षे जो कायदा आम्ही सभांतून घसा फोडून सांगत होतो, तो त्या दिवशी सगळ्या खात्यांत एका दुपारीत पाठ झाला. पुढच्या सभेला आम्हांला कोणाला बोलवावे लागले नाही. तेव्हापासून आम्ही गप्पा मोडायला जात नाही. बाकड्यावर जागा मागून बसतो.

परदेशी संघांवर जीव लावणे हे मुळांपासून तुटणे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कोल्हापूर पाहावे. तिथे फुटबॉल तालमींनी जोपासला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी त्या संघांची नावे. मुळात कुस्तीचे आखाडे, आणि त्यांच्याच नावाने शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ उतरतात. पेठेपेठेत ईर्षा इतकी की तिचा कधी कधी अतिरेकही होतो आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते. विश्वचषक आला की याच पेठा अर्जेंटिना, ब्राझील, जर्मनी, पोर्तुगाल यांत वाटल्या जातात, झेंडे आणि फलक लागतात. तिथला माणूस स्वतः चिखलात खेळलेला असतो, म्हणून मेस्सीने पास कोठे द्यायला हवा होता हे तो अधिकाराने सांगतो. दूरच्या संघाची गप्पा आणि जवळच्या मैदानाचा घाम यांत तिथे विरोध नाही. त्याच कोल्हापुरातला एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. भारत तीनही सामने हरला. पण कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने गोल केला आणि फिफाच्या विश्वचषकात भारताच्या नावे पहिला गोल लागला. ज्या गप्पांना ‘आपला देश कुठे आहे?’ म्हणून हिणविले जाते, त्यांच्याच पोटी असा मुलगा निपजतो.

आता कतारकडे पुन्हा वळू, कारण तिथे गप्पांची खरी परीक्षा होती. ज्या मैदानांवर आपण डोळे लावून बसलो होतो ती मैदाने, त्यांच्याकडे जाणारे रस्ते, मेट्रो, हॉटेले बांधणारे हात बहुतेक भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका येथले होते. ‘गार्डियन’ या इंग्रजी पत्राने २०२१ साली हिशेब मांडला की, २०१० साली कतारला यजमानपद मिळाल्यापासून या पाच देशांचे साडेसहा हजारांहून अधिक कामगार तिथे मरण पावले. त्यांत भारताचे २,७११. हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. तो सर्व धंद्यांतल्या, सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे, मैदानांच्या बांधकामावरच्या अपघातांचा नव्हे. पण कडक उन्हात काम करणाऱ्या जवान माणसाचा मृत्यू ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदला की त्याच्या घरच्यांना भरपाई मिळत नाही, हेही तितकेच खरे. जगभर ओरड झाल्यावर कतारने मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली आणि २०२१ च्या मार्चपासून हजार रियाल किमान वेतन लागू केले. मानवी हक्कांच्या संघटनांनी मागणी केली की, संघांच्या बक्षिसासाठी जे ४४ कोटी डॉलर ठेवले आहेत तेवढीच रक्कम कामगारांच्या भरपाईसाठी ठेवावी.

हे आम्ही टपरीवर सांगितले तेव्हा काहींना राग आला. सामन्याची मजा घालवू नका म्हणाले. पण एकाने सांगितले की त्याचा मेहुणा दोह्यात सेंटरिंगच्या कामावर होता. मग सामना चालू असतानाच बोलणे दुसरीकडे वळले : पासपोर्ट कोण ठेवून घेतो, एजंटाला किती द्यावे लागतात, पगार किती महिन्यांनी होतो. रात्री पुन्हा मेस्सी होताच. १८ डिसेंबरच्या रविवारी अर्जेंटिना आणि फ्रान्स ३–३ असे बरोबरीत राहून पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकला, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजविल्या. मजा आणि जाण यांचे वैर आहे असे आम्हांला आता वाटत नाही.

मात्र या गप्पांत एक उणीव आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आमच्या बाकड्यावर बायका नसतात. १८९० च्या सभेत दोन बायकांनी उठून रविवारची सुटी मागितली होती. सुटी मिळाली, पण त्या सुटीत पाणी भरणे, धुणे आणि आठवड्याचे दळण त्यांच्याच वाट्याला आले. रविवार लढून मिळविला दोघांनी आणि फावला वेळ मिळाला एकालाच. १९८६ च्या त्या मावशी आत जाऊन निजल्या असे आम्ही मघाशी सहज म्हणून गेलो. त्यांना पहाटे पाचला नळाच्या रांगेत उभे राहायचे होते, हे सांगायचे राहिले. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि गोव्यात सामने झाले. त्याची चर्चा आमच्या फाटकावर आम्ही फारशी ऐकली नाही. हा दोष आमचा.

आणि आता शेवटची गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे काम नऊ तासांवर बांधले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि जादा कामाचे दाम अशा अटी त्यात आहेत, हे आम्ही लपवीत नाही. पण कंत्राटावर असलेला मुलगा मुकादमापुढे संमती नाकारतो कशी, हे आम्ही फाटकावर रोज पाहतो. बारा तास यंत्रापुढे, दीड-दोन तास येण्याजाण्यात. उरलेल्या वेळात तो जेवेल आणि झोपेल. बाकड्यावर चहाचे पेले मांडून ऑफसाइड समजावायला त्याच्यापाशी वेळ उरणार नाही. पगाराच्या चिठ्ठीवर हे नुकसान कोठेही दिसणार नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी कोणी दावाही लावणार नाही.

लोखंड्यांनी मागितलेला रविवार पूजेला मागितला होता की विश्रांतीला, की घराकडे पाहण्याला, यावर वाद घालता येईल. त्यातून पुढे कोणी फुटबॉलचे सामने पाहील हे त्यांच्या मनातही नसेल. वेळेचा स्वभावच तसा आहे. तो एकाने मिळवावा आणि दुसऱ्याने त्याचे काय करायचे ते ठरवावे. पुढच्या स्पर्धेच्या वेळी फाटकासमोर माणसे जमून भांडताना दिसली तर श्रोत्यांनी त्यांना रिकामटेकडी म्हणू नये. जमले तर थोडे थांबावे, आणि आपल्या घरातल्या बायकांनाही त्या बाकड्यावर जागा करून द्यावी. चहाचे आम्ही देऊ.